कचरापेटीच्या निविदेत मायक्रॉन लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा संपला की रस्त्याकडेच्या लोखंडी कचरापेट्या एकदा वाकून पाहाव्यात. झाकण, त्यावरचे घोषवाक्य, बाजूचा हिरवा-निळा रंग बहुतेक ठिकाणी शाबूत असतो. बूड मात्र गळलेले असते. पत्र्याच्या खालच्या चार बोटांत तपकिरी पोपडे, वेल्डिंगच्या रेषेवरून उतरलेले गंजाचे ओघळ आणि कोपऱ्यात आरपार भोक. पेटी गंजली की लोक रंगाला दोष देतात, ठेकेदार हवेला देतो आणि पुढच्या वर्षी त्याच मजकुराची निविदा पुन्हा निघते. आम्ही पत्राकाम, गॅल्व्हनायझिंग (लोखंडावर जस्ताचा थर चढवणे) आणि पावडर कोटिंग (रंगाची पूड मारून ती भट्टीत भाजणे) या कामांत असलेले लोक आहोत. ही पेटी पंधरा वर्षे टिकवता येते. त्यासाठी नगरपालिका, ग्रामपंचायती आणि गृहनिर्माण संस्थांनी मागणीपत्रात काय लिहायला हवे, ते या पत्रातून कळवत आहोत.

निविदेत बहुधा एकच ओळ असते: ‘एम.एस. (साध्या पोलादाच्या) पत्र्याची पावडर कोटेड पेटी’. या ओळीत पत्र्याची जाडी नाही, पावडरचा प्रकार नाही, थर किती मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मि.मी.चा हजारावा भाग) ते नाही आणि रंगाआधी पत्रा कसा धुतला जाणार तेही नाही. मग सर्वांत कमी दर देणारा उन्हात न टिकणाऱ्या इपॉक्सी-मिश्र पावडरचा ४० मायक्रॉनचा थर मारतो आणि नियमाने त्याची काही चूक ठरत नाही. नवी कोरी असताना ही पेटी आणि नीट केलेली पेटी शेजारी ठेवल्या तर जाणकारालाही नुसत्या नजरेने फरक कळत नाही.

उघड्यावरच्या पेटीला इतर लोखंडी वस्तूंपेक्षा जास्त सोसावे लागते, कारण ती आतूनही गंजते. ओला कचरा कुजू लागला की त्यातून आंबट पाणी सुटते. त्यात सेंद्रिय आम्ले असतात, उरल्यासुरल्या अन्नातले मीठ असते आणि हे पाणी बुडाच्या सांध्यात दिवसेंदिवस साचून राहते. बाहेरून ऊन, पाऊस, किनाऱ्यावर खारा वारा, कुत्र्यांचे मूत्र, पानाच्या पिंका. त्यावर रोजची आदळआपट. म्हणून बाहेरच्या बाजूला उन्हाला टिकणारा थर आणि आत आम्लाला टिकणारी सोय, असे दोन वेगळे प्रश्न सोडवावे लागतात. आतल्या प्रश्नाचे सर्वांत स्वस्त उत्तर म्हणजे काढता-घालता येणारी प्लास्टिकची बादली. लोखंडी पेटी बाहेरचे कवच म्हणून राहावी आणि ओला कचरा धातूला लागूच नये. जिथे बादली शक्य आहे तिथे ती घेतलीच पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता जस्ताविषयी, कारण टिकाऊपणाचा खरा हिशेब तिथे आहे. जस्त लोखंडाच्या आधी स्वतः झिजते, म्हणून थोडा ओरखडा पडला तरी आसपासचे जस्त लोखंडाला सांभाळून घेते. नुसत्या रंगात हा गुण नाही. रंगाला चीर गेली की गंज तिच्यातून आत शिरतो आणि थराखालून पसरत जातो. पण ‘जी.आय. पत्रा’, म्हणजे जस्त चढवलेला पत्रा, असे म्हटले की सगळे जस्त सारखे, हा समज चुकीचा आहे. बाजारातल्या गॅल्व्हनाइज पत्र्यावर १२० ग्रॅम, १८० ग्रॅम, २७५ ग्रॅम असे आकडे असतात. ते दोन्ही बाजूंचे मिळून, एका चौरस मीटरचे जस्त असते. १२० ग्रॅम म्हणजे एका बाजूला जेमतेम ८ मायक्रॉन, २७५ ग्रॅम म्हणजे सुमारे १९ मायक्रॉन. तयार पेटी वितळलेल्या जस्ताच्या हौदात बुडवली, म्हणजे हॉट डिप केली, तर २ मि.मी. पत्र्यावर सरासरी ५५ मायक्रॉनचा थर मिळायला हवा.

याचा वर्षांत अर्थ काय? हवेच्या गंजकारकतेचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण आहे. त्यात समुद्राजवळच्या शहरी हवेसारख्या, म्हणजे सी-४ वर्गाच्या हवेत जस्त वर्षाला साधारण २ ते ४ मायक्रॉन झिजते असे धरतात. लाटांचे तुषार थेट येतात तिथे ४ ते ८ मायक्रॉन. कोरड्या, स्वच्छ हवेत एक मायक्रॉनही नाही. म्हणजे मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, मालवण किंवा पणजीच्या किनारी रस्त्यावर १२० ग्रॅमच्या पत्र्याचे जस्त दोन ते चार वर्षांत संपते, २७५ ग्रॅमचे पाच ते नऊ वर्षे पुरते आणि हॉट डिपचे तेरा वर्षांच्या पुढे जाते. तोच १२० ग्रॅमचा पत्रा विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत बाहेरून खूप वर्षे काढेल. सगळ्या राज्याला एकच नमुना लावणे म्हणूनच बरोबर नाही. आणि हे आकडे फक्त हवेचे आहेत. कचऱ्याच्या आंबट पाण्यात जस्त याहून कितीतरी वेगाने विरघळते, म्हणून पुन्हा बादलीचा आग्रह.

किनाऱ्यावरची आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. छपराखाली, बसथांब्याच्या आडोशाला ठेवलेली पेटी उघड्यावरच्या पेटीपेक्षा लवकर गंजू शकते. उघड्यावर पाऊस मीठ धुऊन नेतो, आडोशाला ते साचत राहते आणि दमट हवेतले पाणी ओढून घेते. अशा पेट्या महिन्यातून एकदा साध्या पाण्याने धुतल्या तरी मोठा फरक पडतो.

गॅल्व्हनाइज पत्रा आणून त्यावर वेल्डिंग करणे ही आमच्या धंद्यातली नेहमीची चूक आहे. जस्त ४१९ अंशाला वितळते आणि ९०७ अंशाला उकळते. वेल्डिंगच्या ठिकाणी तापमान त्याच्या कितीतरी वर जाते. सांध्याच्या दोन्ही बाजूंचे जस्त जळून धूर होऊन जाते आणि जिथे पाणी साचणार नेमकी तीच जागा उघडी पडते. वरून चंदेरी स्प्रे मारला की डोळ्याला बरे दिसते, पण साधा ॲल्युमिनियम रंग म्हणजे जस्त नव्हे. गॅल्व्हनाइज पत्राच वापरायचा असेल तर पेटी वाकवून, दुमडून, रिव्हेट मारून करावी. वेल्डिंग करायचे असेल तर आधी साध्या पत्र्याची पूर्ण पेटी करावी, सगळी भोके पाडावीत आणि मग हौदात पाठवावी. पाठवताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. पाइपचे पाय, काठाची नळी अशा बंद पोकळ भागांना हवा आणि जस्त जायला-यायला किमान १० मि.मी.ची भोके हवीत. बंद पाइपात अडकलेले पाणी ४५० अंशांच्या हौदात वाफ होऊन पाइप फोडते. शिवाय १.२ मि.मी.चा सपाट पत्रा त्या उष्णतेने वाकडा होतो, म्हणून २ मि.मी. घ्यावा आणि मोठ्या सपाट बाजूंना दाबून खाचा द्याव्यात.

मोठ्या, गाडीने उचलायच्या ११०० लिटरच्या पेट्यांना तर हॉट डिपशिवाय पर्याय नाही. गाडीचा हात दिवसातून एक-दोनदा त्यांना धरून उलटा करतो आणि आपटतो. कोणताही रंग तिथे टिकत नाही. हॉट डिपमध्ये जस्त आणि लोखंडाच्या संयोगाचे थर तयार होतात आणि त्यातले काही खालच्या पोलादापेक्षाही कठीण असतात. अशा पेट्यांवर रंगासाठी पैसे घालवू नयेत. ओला-सुका ओळखण्यापुरता पट्टा किंवा रंगीत झाकण पुरे.

पावडर कोटिंगकडे येऊ. बाहेरच्या कामाला शुद्ध पॉलिएस्टर पावडर लागते. इपॉक्सी पावडर चिकटते उत्तम, रसायनांना टिकतेही, पण उन्हात काही महिन्यांतच तिच्यावर खडूसारखी भुकटी येते. पेटीवरून हात फिरवल्यावर तळव्याला पांढरट पूड लागली, तर वरचा थर इपॉक्सीचा किंवा इपॉक्सी-पॉलिएस्टर मिश्रणाचा आहे असा संशय घ्यावा. मिश्र पावडर घरातल्या कपाटांसाठी असते. बागा, चौपाट्या अशा सतत उन्हातल्या जागी ‘सुपर ड्युरेबल’ दर्जाची पॉलिएस्टर पावडर मागावी. ओल्या-सुक्यासाठी आपल्याकडे रुळलेले हिरवा-निळा हे रंग सुदैवाने उन्हात चांगले टिकणाऱ्या रंगद्रव्यांतून बनतात. स्वस्त लाल-पिवळे मात्र लवकर फिके पडतात.

पावडरपेक्षाही महत्त्वाची आहे ती त्याआधीची धुलाई. जॉबवर्कवाल्यांकडे सात टाक्यांची पद्धत असते: तेल काढणे, पाणी, गंज काढण्याचे आम्ल, पाणी, फॉस्फेट (रंगाला पकड देणारा थर), पाणी, शेवटी पॅसिव्हेशन (तो थर पक्का करणे), आणि मग पत्रा पूर्ण वाळवणे. घाई असली की यातल्या मधल्या पाण्याच्या टाक्यांचे पाणी बदलले जात नाही. आम्लाचा अंश पत्र्याच्या घडीत राहतो, वरून पावडर बसते आणि सहा महिन्यांनी त्या घडीतूनच फुगे येतात. जाड पायांच्या पेटीत आणखी एक अडचण येते. पावडर साधारण २०० अंशांवर १० मिनिटे शिजावी लागते. पण ही १० मिनिटे धातू त्या तापमानाला पोचल्यापासूनची, भट्टीतल्या हवेची नव्हेत. दीड मि.मी.चा पत्रा लवकर तापतो, ५ मि.मी.ची पट्टी उशिरा. वेळ पत्र्याच्या हिशेबाने लावली तर पायांवरचा थर कच्चा राहतो आणि पहिल्याच धक्क्याला खपल्या निघतात.

थराची जाडी ६० ते ८० मायक्रॉन मागावी. मात्र सपाट बाजूला ८० मायक्रॉन असले तरी कडेला २० असू शकतात, कारण वितळलेली पावडर धारदार कडेवरून मागे सरते. कातरलेली कड ग्राइंडरने किंवा पॉलिश पेपरने गोल केली, निदान बोट फिरवल्यावर टोचणार नाही इतकी, तरच थर तिथे थांबतो. भोकांची जाळी असलेल्या देखण्या पेट्या याच कारणाने आधी गंजतात: शेकडो भोके म्हणजे शेकडो धारदार कडा. लेसरने कापलेल्या जाळीला आणखी एक खोड असते. ऑक्सिजनवर कापले की कडेवर काळसर ऑक्साइडची पापडी राहते. रंग तिला चिकटतो आणि ती पापडी रंगासकट सुटते. नायट्रोजनवर कापून घ्यावे किंवा पापडी काढूनच रंगवावे. उलट, आतल्या खोल कोपऱ्यांत विद्युतभारित पावडर नीट शिरत नाही. पावडर फवारणाऱ्या गनचा दाब वाढवून उपयोग होत नाही. व्होल्टेज कमी करून, गन जवळ नेऊन कोपरे आधी मारावे लागतात, मग सपाट भाग.

साध्या पत्र्यावर एकाच थराऐवजी खाली जस्तयुक्त इपॉक्सी पावडर आणि वर पॉलिएस्टर असे दोन थर घेतले तर आयुष्य बरेच वाढते. खालचा थर अर्धा शिजवून त्यावर वरचा मारायचा, म्हणजे दोन्ही एकमेकांत धरतात. सर्वांत उत्तम म्हणजे हॉट डिप आणि त्यावर पॉलिएस्टर. दोन्ही एकत्र असताना मिळणारे आयुष्य दोघांच्या वेगवेगळ्या आयुष्यांच्या बेरजेपेक्षा जास्त असते: रंग जस्ताला झिजू देत नाही आणि जस्त रंगाखाली गंज पसरू देत नाही. मात्र गॅल्व्हनायझिंगवाल्याला आधीच सांगावे लागते की यावर पावडर होणार आहे, क्रोमेटच्या पाण्यात बुडवू नका. मग जस्तावर हलके सँड ब्लास्टिंग (वाळूसारख्या कणांचा मारा) करावे आणि पावडर मारण्याआधी पेटी रिकामीच एकदा भट्टीत तापवून घ्यावी. नाहीतर थरातून वायू निघून टाचणीएवढी भोके पडतात.

जिथे भट्टी जवळ नाही तिथे ओला रंग चालतो, पण रेड ऑक्साइड आणि त्यावर ऑइल पेंटचे दोन हात ही पद्धत रस्त्यावरच्या पेटीला पुरी पडत नाही. ब्लास्टिंग करून जस्तयुक्त इपॉक्सी प्रायमर ६० मायक्रॉन, मधला इपॉक्सी थर १०० आणि वर दोन डब्यांतले मिसळून मारायचा पी.यू. (पॉलियुरेथेन) रंग ५०, एवढे घेतले तर किनाऱ्यावरही निभाव लागतो. गॅल्व्हनाइज पत्र्यावर ऑइल पेंट थेट मारण्याची चूक फार सर्रास होते. त्या रंगातले तेल आणि जस्त यांच्या संयोगाने साबणासारखा पातळ थर बनतो आणि वर्ष-दोन वर्षांत रंग कागदासारखा सोलून हातात येतो. जस्तावर रंगवायचे तर मध्ये इपॉक्सी किंवा जस्तासाठीचा खास प्रायमर हवाच.

स्टेनलेस स्टीलबद्दल लोकांची मोठी अपेक्षा असते आणि फसवणूकही तिथेच होते. ३०४ प्रतीचे म्हणून हलक्या २०२ प्रतीचे दिले जाते. २०२ मध्ये निकेल कमी, मँगनीज जास्त. स्वयंपाकघरात ते खपून जाईल, रस्त्यावर त्याला तांबूस डाग धरतात. चुंबक लावून हा फरक कळत नाही, कारण दोन्हींना चुंबक जवळजवळ लागत नाही. तपासणीच्या थेंबांनी किंवा धातू ओळखणाऱ्या गनने मिनिटभरात कळते, आणि ती तपासणी पेट्या ताब्यात घेण्याआधी व्हावी. समुद्राच्या तोंडावर ३०४ सुद्धा चहाच्या डागांसारखे तपकिरी होते. तिथे मॉलिब्डेनम असलेले ३१६ लागते. वर्कशॉपमध्ये लोखंडावर चालवलेली ग्राइंडिंगची चाकी स्टेनलेसवर चालवू नये. लोखंडाचे कण पृष्ठभागात रुततात आणि पहिल्याच पावसात ठिपके उमटतात. वेल्डिंगचा निळसर-काळा डागही पिकलिंग पेस्टने (आम्लाच्या लेपाने) काढलाच पाहिजे. भंगाराचा भाव चांगला असल्याने या पेट्या चोरीला जातात, हेही जागा निवडताना धरावे.

सफाई कामगारांना एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. पेटीत ब्लीचिंग पावडर टाकण्याची आपल्याकडे सवय आहे. तिच्यातले क्लोरीन स्टेनलेसला सुईच्या टोकासारखे खड्डे पाडते आणि जस्तालाही खाते. पावडर बादलीतल्या कचऱ्यावर टाकावी, धातूवर नाही. धुवायला पाणी आणि साधा साबण पुरतो. आम्लाचे टॉयलेट क्लीनर तर मुळीच नको.

बुडाची रचना रंगाइतकीच महत्त्वाची आहे. बूड जमिनीपासून निदान ५० मि.मी. वर हवे आणि सर्वांत खोल जागी १० ते १२ मि.मी.ची चार भोके हवीत. ही भोके कोटिंगच्या आधी पाडलेली असावीत. पेटी बसवताना जागेवर ड्रिल मारून पाडलेले भोक म्हणजे गंजाला दिलेले दार. खांबाला टांगलेल्या, उलट्या करायच्या पेटीत खिळीची जागा पाहावी. लोखंडी खिळ लोखंडी कानात रोज फिरते, थर घासून जातो आणि तिथून ओघळ सुरू होतो. स्टेनलेसची खिळ आणि नायलॉनचे बुश एवढ्याने ते थांबते. स्टेनलेसच्या पेटीला जस्ताच्या मुलाम्याचे बोल्ट मात्र लावू नयेत, ते फार लवकर संपतात. काँक्रीटमध्ये रोवलेला खांब जमिनीच्या रेषेवर कुजतो. तिथे काँक्रीटला बाहेरच्या बाजूस उतार द्यावा आणि खांबाला रेषेच्या वर-खाली वीतभर जाड इपॉक्सीचा थर द्यावा.

मागणीपत्रात मग असे लिहावे: पत्रा २ मि.मी., सर्व वेल्डिंग व भोके झाल्यावर हॉट डिप गॅल्व्हनाइज, जस्त सरासरी ५५ मायक्रॉन, त्यावर शुद्ध पॉलिएस्टर पावडर ६० ते ८० मायक्रॉन, सर्व कडा गोल, मोजमाप बूड व आतल्या कोपऱ्यांसह. जस्ताची जाडी पावडर मारण्याआधी मोजून लिहून ठेवावी, कारण साधे जाडीमापक नंतर दोन्ही थरांची बेरीज दाखवते. बिल मंजूर करण्याआधी दर खेपेतल्या दोन-तीन पेट्या तपासाव्यात. ब्लेडने २ मि.मी. अंतरावर सहा आडव्या, सहा उभ्या रेघा मारून पंचवीस चौकोन करावेत, चिकटपट्टी दाबून ओढावी. चौकोन निघाले तर खेप परत. एम.ई.के. या द्रावकात भिजवलेले फडके जाड पायावर तीसेक वेळा घासावे. किंचित रंग आला तर चालेल. थर मऊ होऊन निघू लागला तर तो कच्चा भाजला आहे.

आज रस्त्यावर असलेल्या पेट्यांपैकी ज्यांचे बूड अजून आरपार गेलेले नाही त्या वाचवता येतात. सैल पोपडे वायर ब्रशने काढून साबणाने धुवावे, तेलकटपणा आणि मीठ पूर्ण जाऊ द्यावे, मग ग्राइंडरने चकचकीत धातू लागेपर्यंत घासावे आणि आजूबाजूचा चांगला रंग दोन बोटे उतरता पॉलिश पेपरने मारून घ्यावा. गंजावर लांबी (पुट्टी) भरू नये; ती ओल धरून ठेवते. त्याच दिवशी जस्तयुक्त इपॉक्सी प्रायमर, दुसऱ्या दिवशी इपॉक्सीचा थर, तो वाळल्यावर डब्यावर दिलेल्या मुदतीत पी.यू.चा थर द्यावा. मिश्रण लागेल तेवढेच करावे, काही तासांत ते घट्ट होते. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर काम बंद ठेवावे. कोकणात म्हणूनच हे काम नोव्हेंबर ते मार्चमध्ये, आणि तेही सकाळचे दव पूर्ण वाळल्यावर, दहानंतर सुरू करावे.

आपले,
पत्राकाम, गॅल्व्हनायझिंग व पावडर कोटिंग व्यवसायातील काही वाचक